मेनफ्रेम संगणक आणि ई-मेल : अक्षरसंकेतांच्या संघर्षाचा इतिहास

प्रस्तुत लेखात मेनफ्रेम संगणकांना इंटरनेटच्या ई-मेल व्यवस्थेशी जोडताना उद्भवलेल्या एका अडचणीचा विचार केला आहे. १९८१ मध्ये न्यूयॉर्कचे सिटी विद्यापीठ व येल विद्यापीठ येथील आयबीएम मेनफ्रेम जोडून आयरा फुक्स व ग्रेडन फ्रीमन यांनी ‘बिटनेट’ची सुरुवात केली. या जाळ्यात पत्र म्हणजे जणू पंचकार्डांची चळत. प्रत्येक ओळ ८० स्तंभांची. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी सिद्ध केलेली एसएमटीपी ही नियमावली मात्र आस्की या अक्षरसंकेतावर आधारलेली होती आणि मेनफ्रेमचा संकेत होता एब्सिडिक. त्यामुळे दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारे गेटवे संगणक आवश्यक ठरले.

साध्या इंग्रजी मजकुराचे निभावले. चौकोनी कंसांचे मात्र हाल झाले, कारण एब्सिडिकच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत त्यांच्या जागा वेगवेगळ्या होत्या. सी भाषेतील प्रोग्रॅम पाठवावा आणि पलीकडे तो निरुपयोगी होऊन पोहोचावा, असे घडे! ओळीच्या शेवटची रिकामी जागाही कधी गळे, कधी वाढे. युयुएनकोड पद्धतीने पाठविलेल्या फाइली याच कारणांनी बिघडत.

१९९२ च्या ‘माइम’ मानकाने बेस६४ साठी स्वीकारलेली ६४ चिन्हे (रोमन अक्षरे, अंक, अधिकचिन्ह व तिरकी रेघ) या दृष्टीने लक्षणीय आहेत. एब्सिडिकच्या बहुतेक आवृत्त्यांत ती सारखीच राहतात. ओळीची मर्यादाही ७६ चिन्हांची, म्हणजे ८० स्तंभांत मावणारी. बिटनेट लोप पावले. परंतु युनिकोड देवनागरीतील मराठी पत्र आजही पुष्कळदा याच चिन्हांत गुंडाळून रवाना होते.