सरकारी खरेदी आणि लहान कारखानदार

सरकारइतके मोठे गिऱ्हाईक दुसरे नाही. शाळांची बाके, कचेऱ्यांची कपाटे, रुग्णालयांच्या खाटा हे सारे सरकार विकत घेते. परंतु त्या खरेदीचा दरवाजा लहान कारखानदारास सहजासहजी उघडत नसे. तो कसकसा उघडत गेला, याचा अल्प इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

इ. स. १९५५ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय लघुउद्योग निगम स्थापन केला. निगमाकडे नोंदलेल्या कारखानदारास निविदेचे कागद विनामूल्य मिळू लागले व बयाण्याची रक्कम माफ झाली. कालांतराने ३५८ वस्तू केवळ लघुउद्योगांकडूनच घ्याव्यात असे ठरले. निवडक वस्तूंत त्यांचा दर मोठ्या कारखान्याहून १५ टक्क्यांपर्यंत अधिक असला तरी तो स्वीकारण्याची मुभाही मिळाली.

परंतु काम मिळणे निराळे आणि पैसा मिळणे निराळे. माझ्या थोरल्या बंधूंनी १९८४ साली एका कचेरीस लाकडी बाके पुरविली. माल वेळेवर पोहोचला. बिल मात्र चौदा महिने रखडले. "तक्रार केली तर पुढचे काम जाईल," असे म्हणून दादा गप्प राहिले. वखारवाल्याची उधारी फेडण्यासाठी त्यांना यंत्रकरवत विकावी लागली. ती पुन्हा कधी आली नाही.

या दुखण्यावर स्वतंत्र कायदा १९९३ साली झाला. २००६ च्या कायद्याने पैसे देण्याची मुदत फार तर ४५ दिवसांची केली व विलंबास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लावले. २०१२ च्या आदेशाने केंद्रीय खाती व सरकारी कंपन्यांना २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करण्याचे उद्दिष्ट दिले. ते २०१५ पासून बंधनकारक झाले आणि २०१८ साली २५ टक्क्यांवर गेले. त्यात ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आहेत. आता मात्र दर १५ टक्क्यांच्या आत असला, तरी सर्वांत कमी दरास माल देण्याची तयारी दाखविल्यावरच मागणीचा वाटा मिळतो.

सवलत आपण होऊन दारी येत नाही. तरुणांनी 'उद्यम' नोंदणी करावी, मालाची पोच जपावी आणि मुदत टळताच राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागावी. आपल्या मंडळाने वर्षातून एक दिवस त्यांचे कागद तयार करून देण्यासाठी राखावा. कायद्याचा आधार आज आहे. दादांपाशी तो नव्हता. आता भीतीने गप्प बसण्याचे कारण उरलेले नाही.