वीज जाणे आणि वीज बंद करणे

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने जे शिक्षक रोज आसनगाव, आटगाव किंवा खर्डीला उतरतात, त्यांना 'ब्लॉक' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. रविवारी गाड्या रद्द होतात आणि सगळे वैतागतात. पण या शब्दामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यासाठी अनेक कामगारांनी प्राण मोजले आहेत. आज हा इतिहास पुन्हा सांगण्याला एक कारण आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर विद्युत वाहनांसाठी किमान एक चार्जिंग केंद्र असावे, असे म्हटले होते. शहापूरला रेल्वे आहे, मुरबाडला नाही. पण विजेवर चालणारी वाहने रस्त्याने दोन्हीकडे पोहोचतात. त्यांच्यासाठी केंद्रे उभी राहतात ती ढाब्यांच्या आवारात, पेट्रोल पंपांवर, बस स्थानकांजवळ, म्हणजे जेथे माणसांची वर्दळ कधी थांबत नाही अशा जागी. तेथे काम करणाऱ्या वायरमनला 'ब्लॉक' कोण देणार?

मृत समजलेली तार

११ ऑक्टोबर १८८९. न्यूयॉर्क शहरात त्या काळी रस्त्यांवर तारांचे जाळे पसरलेले होते. तारायंत्राच्या, टेलिफोनच्या आणि दिव्यांच्या तारा एकाच खांबावरून जात. वेस्टर्न युनियन कंपनीचा कामगार जॉन फीक्स भर दुपारी जुन्या तारा काढण्यासाठी खांबावर चढला. हात लावला ती तार तारायंत्राची, अगदी कमी दाबाची होती. पण काही अंतरावर ती उच्च दाबाच्या प्रत्यावर्ती धारेच्या तारेला चिकटली होती, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. रस्त्यावर जमलेल्या गर्दीच्या डोळ्यांदेखत तो तारांमध्येच मरण पावला.

या घटनेचा बोध नीट लक्षात घेतला पाहिजे. फीक्स निष्काळजी नव्हता. जी तार निर्धोक असायला हवी होती, ती निर्धोक आहे असे त्याने धरून चालले होते. 'असायला हवी' आणि 'आहे' यांतील अंतर मोजमापानेच भरून निघते. विद्युत सुरक्षेचे पुढचे सर्व नियम म्हणजे हे अंतर भरण्याचे प्रयत्न होत.

थळ घाटातील शिस्त

भारतातील पहिली विद्युत रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली. जी. आय. पी. रेल्वेने १५०० व्होल्ट एकदिश धारा वापरली होती. १९३० सालापर्यंत तारा कल्याणच्या पुढे शहापूर तालुका ओलांडून थळ घाटातून इगतपुरीला पोहोचल्या. या घाटात ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे. पुढे एकविसाव्या शतकात मुंबई परिसरातील मार्ग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती धारेवर आणले गेले. २०१६ साली हार्बर मार्ग बदलला आणि हे काम संपले. लक्षात घ्या, एवढा मोठा बदल रोजची वाहतूक चालू ठेवून झाला.

हे ज्या शिस्तीमुळे साधले, तिचे टप्पे असे. प्रथम नियंत्रकाकडून ठरावीक वेळेसाठी वीज बंद करून घ्यायची. हाच 'पॉवर ब्लॉक'. मग जबाबदार व्यक्तीच्या हाती कामाचा लेखी परवाना द्यायचा. एवढे झाले तरी कोणी तारेला हात लावत नाही. लांब दांडीला जोडलेल्या जाड तारेचे एक टोक आधी रुळाला जोडतात, नंतरच दुसरे टोक वरच्या तारेला अडकवतात. काढताना क्रम उलटा. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अशी भूजोडणी करतात. कारण शेजारच्या चालू तारेमुळे बंद तारेतही प्रवर्तनाने धोकादायक दाब निर्माण होतो. दहावीला शिकवले जाणारे विद्युतचुंबकीय प्रवर्तन येथे जीवनमरणाचा प्रश्न होते. काम संपले की माणसे बाजूला झाल्याची खात्री करून परवाना परत केला जातो आणि मगच वीज सुरू होते.

किती धारा प्राणघातक?

हा प्रश्न अमेरिकेतील बर्कलेचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी १९४० च्या दशकात स्वयंसेवकांवर प्रयोग करून अभ्यासला. हातात धरलेली तार स्वतःहून सोडता येणे ज्या धारेला थांबते, ती पुरुषांत सरासरी सुमारे १६ आणि स्त्रियांत सुमारे साडेदहा मिलिअँपिअर आढळली. ओल्या शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर घरातील २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर धारा वाहील. म्हणजे सोडता येणाऱ्या धारेच्या कितीतरी पट.

आता चार्जिंग केंद्राकडे पाहू. ६० किलोवॉटचा एक जलद चार्जर म्हणजे गावातील दहा अश्वशक्तीच्या आठ पिठाच्या गिरण्या एकदम चालवण्याइतका भार. ४१५ व्होल्टच्या त्रिकला पुरवठ्यातून तो सुमारे ८३ अँपिअर धारा खेचतो. विद्यार्थ्यांनी हे गणित जरूर करून पाहावे. त्याच्या आतील धारित्रांमध्ये वीज बंद केल्यावरही काही काळ प्रभार शिल्लक राहतो. म्हणून झाकण उघडण्यापूर्वी ठरलेला वेळ थांबून मीटरने तपासावे लागते.

नियम कसे वाढत गेले

भारतीय विद्युत अधिनियम १९१० सालचा आणि त्याखालील नियम १९५६ चे. शाळेच्या किंवा गिरणीच्या मुख्य स्विचजवळ टांगलेला 'विजेचा धक्का बसल्यास' हा तक्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी या नियमांचे एक फळ पाहिले आहे. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले. २०१९ च्या दुरुस्तीने त्यांत चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले आणि २०२३ साली सर्व विनियम नव्याने लिहिले गेले. वाढीव वायर लावून वाहन चार्ज करण्यास बंदी, तसेच ३० मिलिअँपिअरहून अधिक नसलेल्या गळतीला पुरवठा तोडणारे उपकरण बसवण्याची सक्ती, या त्यांतील दोन महत्त्वाच्या तरतुदी.

पण येथे एक मेख आहे. हे उपकरण वाहन चार्ज करणाऱ्याचे रक्षण करते. केंद्र बसवणाऱ्या कामगाराला त्याचा आधार नसतो, कारण ते अजून बसायचे असते! त्याच्या रक्षणाला उरते ती फक्त रेल्वेची जुनी शिस्त.

आणि ग्रामीण भागात नेमकी तीच मोडते. आपल्याकडे वीज अनेकदा 'जाते'. ती गेली की 'आता जोडून टाका' असे म्हणण्याचा मोह होतो. पण वीज जाणे आणि वीज बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेलेली वीज कोणत्याही क्षणी परत येते. शिवाय शेजारच्या हॉटेलचा जनरेटर चुकीच्या जोडणीमुळे उलट्या दिशेनेही वीज पाठवू शकतो. बंद केलेली वीज मात्र कुलपाखाली असते आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असते. अमेरिकेने १९८९ साली कारखान्यांसाठी कुलूप आणि पाटी यांचा नियमच केला.

वर्दळीच्या जागी दुसरा धोका बाहेरच्यांना असतो. केबलसाठी खणलेल्या चराला कठडा नसेल तर अंधारात त्यात माणूस पडेल. मागे येणारा ट्रक काम करणाऱ्यावर येईल. जेसीबीचा दात जमिनीतील जुन्या केबलला लागेल. म्हणून ब्लॉक विजेबरोबरच जागेचाही हवा. तेवढा भाग दोन दिवस गिऱ्हाइकांसाठी बंद ठेवावा लागतो, आणि तेवढी कमाई सोडायला मालक सहसा तयार नसतो.

आपल्या भागातील जमिनीचाही विचार हवा. शहापूर-मुरबाडला मातीच्या पातळ थराखाली कठीण बेसाल्ट आहे. भर पावसात मोजलेला भूजोडणीचा रोध कमी, म्हणजे समाधानकारक येतो. तोच मे महिन्यात बराच वाढलेला दिसतो. तेव्हा मोजणी उन्हाळ्यात करणेच शहाणपणाचे.

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसवणारे यंत्र कोसळले आणि २० जण मृत्युमुखी पडले. ते काम विजेचे नव्हते. पण वाहने धावू लागतात तेव्हा रस्ता बांधणाऱ्यांची आठवण कोणाला राहत नाही, हे तेथेही खरे आणि चार्जिंग केंद्रावरही खरे.

आठवीनंतर आयटीआयला जाऊन वायरमन होणारी मुले आपल्याच वर्गात बसलेली असतात. ओहमचा नियम त्यांना आपण शिकवतोच. त्याबरोबर पाच शब्दही पाठ करून घ्यावेत : तोडा, कुलूप लावा, तपासा, जमिनीशी जोडा, कठडा घाला. आणि घाई करणाऱ्या मालकाला 'आधी ब्लॉक द्या' असे ठामपणे म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे, हेही सांगावे.