दोन दंडांपासून 'ए. कु. मॅ.'पर्यंत

मोडी कागद वाचायला बसलं की अक्षरं हळूहळू लागू लागतात, पण अर्धवट सोडलेले शब्द अडवतात. परगण्याचं नुसतं 'प॥', कसब्याचं 'क॥'. शब्द तोडला, याची खूण म्हणजे पुढचे दंड. 'मशारनिल्हे', म्हणजे वर सांगितलेला इसम, हाही आखडून 'मा।निले' होतो. तारखेआधी 'छ' दिसला की पुढे मुसलमानी चांद्र महिना येणार, हे आपण ओळखायचं. लिहिणारा कारकून आणि वाचणारा कारकून, दोघेही दफ्तरातलेच. त्यांचं अडत नव्हतं.

इंग्रजी अमलात टिंब आलं. पण इंग्रजीत नावाचं एक अक्षर सुटं काढतात, आपण काना-मात्रा-उकारासकट उचलतो. म्हणून पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे आपले 'पु. ल.', नुसते 'प. ल.' नव्हेत. 'ता.' पत्राच्या माथ्यावर तारीख असते, पत्त्यात तालुका. तिथे कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते सातबाऱ्यात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुना उतारा असेल, तो काढून बघा. नावाआधी किंवा नावापुढे 'ए. कु. मॅ.' असेल, तर त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला, मुलगे तीन. नाव थोरल्याचं लागलं, पण कुटुंबाच्या वतीने. धाकटे त्याच रानात राबत होते, हरकत कोण घेणार? पुढे उतारा नव्याने लिहिताना ही तीन अक्षरं गळली, की थोरला एकटाच मालक दिसायला लागतो. नातवंडं कोर्टात उभी राहतात ती इथून. 'अ. पा. क.'चंही तसंच. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल सज्ञान झालं तरी काकाचं नाव हलत नाही, कारण अर्ज करायचा असतो हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १५७ : नोंद खरी धरायची, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. नोंदीने मालकी तयार होत नाही. म्हणून हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात जो आकडा असतो, तो धरून मागे जायचं. तो फेरफाराचा क्रमांक. गाव नमुना सहामध्ये त्या क्रमांकाखाली वारसांची नावं बहुधा पूर्ण लिहिलेली सापडतात. बहिणींचीसुद्धा.