कोर्लई: राज्य गेलं, बोली राहिली

मी बोईसरचा. बाहेरच्या माणसाला सांगताना "तारापूरजवळ" असं सांगावं लागतं, आणि तारापूर म्हटलं की समोरच्याला १९६९ पासून चालू असलेलं अणुऊर्जा केंद्र आठवतं, नाहीतर एमआयडीसी. तारापूरला एक किल्ला आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. पोर्तुगीजांचा किल्ला. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर अशी ठाणी एकामागोमाग घेतली. तारापूरच्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर पडले. मग मे महिन्यात वसई पडली आणि इथला पोर्तुगीज अंमल संपला. शाळेत एवढं शिकलो, परीक्षेत लिहिलं, विषय संपला.

पण काही वर्षांपूर्वी कंपनीने सहा महिन्यांसाठी माँट्रियलला ऑनसाईट पाठवलं आणि हा विषय परत डोक्यात आला. तिथला एक सहकारी एका शनिवारी मला त्याच्या गावी घेऊन गेला. सेंट लॉरेन्स नदीच्या काठी छोटंसं गाव, वस्ती हजार-बाराशे. एक चर्च, एक बेकरी, आणि शेतांचे लांबच लांब अरुंद पट्टे. प्रत्येक पट्ट्याचं एक टोक नदीला लागलेलं, कारण जुन्या काळी नदी हाच रस्ता होता. त्याच्या आजीला इंग्रजी येत नव्हतं. कॅनडात! मी तोंड वासून बघत राहिलो. फ्रान्सने हा मुलुख १७६३ च्या तहात इंग्रजांना देऊन टाकला. तेव्हा तिथे साधारण सत्तर हजार फ्रेंच बोलणारे होते. राजा गेला, फौज गेली, पण शेतकरी आणि पाद्री तिथेच राहिले, आणि भाषाही राहिली. आज तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर फ्रेंचमध्ये लिहिलेलं असतं, "मला आठवतंय".

परत येताना गाडीत मी हिशोब करत होतो. त्यांचा राजा १७६३ ला गेला, आमच्याकडचे पोर्तुगीज १७३९ ला. फरक फक्त २४ वर्षांचा. पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ मध्ये, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर ते दोनशे वर्षं होते. मग त्यांच्या भाषेचं काय झालं? चावी, पाव, साबण, बादली, पगार, लिलाव... एवढंच?

उत्तराचा एक भाग सोपा आहे. कॅनडात फ्रेंच लोक बायकापोरांसकट शेती करायला गेले होते. आपल्याकडे आले ते कप्तान, शिपाई, व्यापारी आणि पाद्री. गावातल्या लोकांनी धर्म बदलला तरी घरातली बोली बदलली नाही. वसईचे ख्रिस्ती लोक आजही घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलतात, आणि या दोन्ही मराठीच्या नात्यातल्या बोली आहेत. किल्ल्यांच्या आसपास मात्र पोर्तुगीज आणि स्थानिक बोली मिसळून एक वेगळीच भाषा तयार झाली होती. गोव्याचे विद्वान दालगादो यांनी १९०६ मध्ये उत्तर किनाऱ्यावरच्या या मिश्र बोलीवर लिहिलं. तेव्हा मुंबई-वसईकडे ती बोलणारे होते. पुढे इंग्रजांच्या नोकऱ्या आल्या, इंग्रजी शाळा आल्या. इथल्या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घ्यायला सुरुवात केली होती, ती इंग्रज सरकारला आपण इथलेच जुने आहोत हे कळावं म्हणून. पोटापाण्यासाठी पोर्तुगीजचा उपयोग उरला नव्हता. बोली विरून गेली. दमणला पोर्तुगीज १९६१ पर्यंत होते, त्यामुळे तिथे ती अजून ऐकू येते.

आता उत्तराचा दुसरा भाग, आणि तो जास्त अवघड आहे. कारण एक गाव या हिशोबात बसतच नाही.

ते म्हणजे कोर्लई. अलिबागहून मुरुडकडे जाताना रेवदंडा लागतं, मग कुंडलिका नदीवरचा पूल, आणि पलीकडे समुद्रात घुसलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी. हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला. १७४० च्या तहात रेवदंड्याबरोबर तोही मराठ्यांकडे आला. म्हणजे तारापूरनंतर दोन वर्षांच्या आतच. आणि तरीही पायथ्याच्या गावातले हजारेक ख्रिस्ती लोक आज, पावणेतीनशेहून जास्त वर्षांनी, घरात पोर्तुगीजपासून बनलेली बोली बोलतात. ते तिला 'नो लिंग' म्हणतात. म्हणजे 'आमची भाषा'. या बोलीला ना शाळा, ना वर्तमानपत्र, ना सरकार, ना नंबरप्लेट.

ती टिकली कशी? क्लान्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या एका गावाच्या बोलीवर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातून जे कळतं ते थोडक्यात असं. मराठे आल्यावर ज्यांना जाणं शक्य होतं ते पोर्तुगीज निघून गेले. मागे राहिली ती किल्ल्याच्या आधाराने जगणारी गरीब ख्रिस्ती कुटुंबं. आजूबाजूला सगळी हिंदू आणि मुसलमान गावं. धर्म वेगळा आणि जातीच्या उतरंडीत जागा खालची, त्यामुळे शेजाऱ्यांशी ना रोटी ना बेटी. मधे खाडी. लग्नं आपापसात, देवळाची पायरी वेगळी, बोलायचं तेही आपापसात. साधारण १९६० पर्यंत चर्चमध्ये पोर्तुगीज जाणणारे पाद्री होते, तेवढाच बाहेरच्या पोर्तुगीजशी संबंध.

हे वाचल्यावर माझा 'वा, काय टिकवलंय!' वाला उत्साह जरा खाली बसला. त्यांनी भाषा टिकवली हे खरं, पण ती टिकण्यात त्यांना लांब ठेवणाऱ्यांचाही हात होता. आपण जे कुंपण घातलं त्याच्या आत ती वाढली.

आणि कुंपण असूनही मराठी आत शिरलीच! आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. पोर्तुगीजमध्ये क्रियापदांचे तीन गट असतात, 'आर', 'एर' आणि 'इर' ने संपणारे. कोर्लईत त्यांचे 'आ', 'ए', 'इ' झाले. पण मराठीतून उसन्या घेतलेल्या क्रियापदांसाठी या लोकांनी चौथा गटच उघडला, 'उ' चा. जुन्या प्रोग्रॅमला धक्का न लावता नवीन मॉड्यूल जोडावं तसं. वाक्याची रचनासुद्धा बदलली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद मधे येतं, कोर्लईत ते आपल्यासारखं शेवटी जातं. शब्द लिस्बनचे आणि वाक्याची चाल आपल्या कोकणातली! हे कुठल्या पंडिताने ठरवलं नाही. शेतात आणि बाजारात मराठी बोलून घरी येणाऱ्या माणसांनी नकळत केलं.

गेल्या वर्षी एका विकांताला मी तिथे जाऊन आलो. किल्ला बघून उतरलो. एका घराच्या ओट्यावर मावशी बसल्या होत्या, त्यांनी पाणी दिलं. माझ्याशी छान मराठीत बोलल्या, आमच्या बोईसरपेक्षा चांगल्या. मधेच नातवाकडे वळून काहीतरी म्हणाल्या, त्यातलं मला अक्षर कळलं नाही. नातवाने उत्तर दिलं ते मराठीत.

मी विचारलं, "हा मराठीत का बोलतो?"

"शाळा मराठी, मित्र मराठी, आता चर्चपण मराठी. मग काय करणार तो?" त्या हसून म्हणाल्या. तक्रार अशी नव्हतीच त्यांच्या आवाजात.

खरं आहे. १९६० च्या दशकात चर्चची भाषा मराठी झाली. १९८० च्या दशकात खाडीवर पूल झाला. शाळा, एसटी, टीव्ही, मुंबईतली नोकरी. कुंपण पडलं ते चांगलंच झालं, ते पडायलाच हवं होतं. त्या पोराला खाडीत अडकवून ठेवून भाषा वाचवा असं म्हणायचा हक्क मला नाही, मी स्वतः बोईसर सोडून पुण्यात क्यूबिकलमध्ये बसतो. पण एक गोष्ट मनातून जात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस धुमाकूळ होता. इंग्रजीने मराठीची कशी वाट लावली यावर माझेही पाच-सहा मेसेज होते. त्या ओट्यावर मला पहिल्यांदा कळलं की इथे इंग्रजीच्या जागी आपण आहोत. मोठी भाषा आपली. आणि मोठ्या भाषेला आपण कोणाला ढकलतोय हे कळतही नाही.

क्यूबेकने १९७७ मध्ये कायदा करून फ्रेंच सांभाळली. हजार माणसांसाठी असा कायदा कोण करणार? पण एवढं तर होऊ शकतं की ही बोली पोर्तुगीजांची उरलीसुरली निशाणी न समजता महाराष्ट्राची एक बोली समजावी. तिचा जन्म रायगड जिल्ह्यातला, तिचं व्याकरण अर्धं आपलं. 'नो लिंग' चं भाषांतर मी वर 'आमची भाषा' असं केलंय. पोर्तुगीजमध्ये 'आमची' आणि 'आपली' असा फरक नाही, मराठीत आहे.

मुरुडला जाताना रेवदंड्याच्या पुढे थांबा. किल्ला बघाच, पण गावातूनही एक चक्कर मारा. कोणी ओट्यावर बसलं असेल तर विचारा, "तुमच्यात याला काय म्हणतात?" आनंदाने सांगतात.