क्रोशाची कुळकथा

क्रोशे हा फ्रेंच शब्द, अर्थ लहानसा आकडा. मराठीत ‘क्रोशा’ हे सुईचेही नाव झाले आणि कामाचेही. एका आकड्याने दोऱ्याच्या फासातून पुढचा फास ओढायचा, एवढीच त्याची मूळ क्रिया.

ताणलेल्या कापडावर आकड्याने साखळी टाका घालण्याची आरीची पद्धत कच्छच्या मोची कारागिरांकडे होती. अठराव्या शतकात युरोपातही गोल चौकटीवरचे असेच भरतकाम लोकप्रिय झाले. पुढे खालचे कापड गळाले, टाका नुसत्या दोऱ्यावर उभा राहिला आणि क्रोशा जन्मला, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याचे छापील नमुने १८२३ मध्ये ‘पेनेलोपे’ या डच मासिकात आले. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधल्या अनेक कुटुंबांना क्रोशाच्या लेसने हात दिला.

भारतात ही कला मिशनरी स्त्रियांबरोबर रुजली. आंध्रातील नरसापुरात तिचा धंदा झाला. घरात बसून निर्यातीची लेस विणणाऱ्या तिथल्या बायकांच्या हाती किती थोडे पडते, हे समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ च्या पुस्तकात दाखवले. मराठी घरात क्रोशाची वाट वेगळी झाली. तो विकायला कमी आणि द्यायला जास्त विणला गेला, कारण देण्याचे प्रसंग इथे आधीच ठरलेले होते: बारशाला टोपडे नि मोजे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण, लग्नात रुखवत. रुखवत म्हणजे मुळात वधूपक्षाने वराकडे पाठवायचे खाद्यपदार्थ. पुढे त्यात वधूच्या हातच्या वस्तू मांडल्या जाऊ लागल्या आणि क्रोशाचे टेबलक्लॉथ, ताटावरचे रुमाल, दाराचे तोरण यांना मानाची जागा मिळाली.

गोल रुमालाची सुरुवात सहा साखळ्यांच्या कड्याने होते. तीन साखळ्या उभ्या घातल्या की तो पहिला खांब. आणखी अकरा घालून बारा होतात. पुढच्या फेरीत चोवीस, मग छत्तीस. वाढ चुकली तर रुमाल वाटीसारखा वळतो किंवा कडेला चुण्या पडतात. तोरणाचे गणित चौकटींचे. आलेख-कागदावर मोर किंवा ‘सुस्वागतम्’ काढायचे. रिकाम्या घराला दोन खांबांमध्ये दोन साखळ्या, भरलेल्या घराला साखळ्यांऐवजी दोन खांब. हा हिशेब पाठ असलेल्या बाईला अडाणी हौशी समजणे अन्यायाचे आहे.

मुंबईतल्या विक्रोळीसारख्या उपनगराला ही कला नेमकी मानवते. गोदरेजने १९४३ मध्ये इथली जमीन घेतली, पुढे कारखाने आले. पूर्वेला टागोर नगर आणि माजी मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांच्या नावाची वसाहत उभी राहिली. अशा वसाहतींतल्या लहान घरात शिलाई मशीनला कोपरा लागतो. क्रोशाला एक पिशवी पुरते, आणि ती लोकलच्या लेडीज डब्यातही उघडता येते. कुकरची शिट्टी झाली की काम खाली ठेवता येते, कारण सुईवर एकच फास उरलेला असतो.

अलीकडे रुमालांची जागा लोकरीची फुले, किचेन आणि जपानी अमिगुरुमी पद्धतीची खेळणी घेत आहेत. टाके मात्र तेच आहेत: साखळी, मुका म्हणजे आखूड खांब, आणि खांब. हे टाके जसेच्या तसे घालणारे यंत्र अजून बाजारात रुळलेले नाही. भेट आलेला क्रोशाचा रुमाल कुणीतरी हातानेच विणलेला असतो.