राजापूरचं बंदर

आमचं गाव पन्हाळ्याच्या पश्चिम अंगाला. माझा आजा गुळाच्या ढेपा बैलांच्या पाठीवर लादून अणुस्कुऱ्याचा घाट उतरायचा आणि येताना मीठ, नारळ, सुकी मासळी आणायचा. "राजापुरात गलबतं पार बाजारापातूर येत्यात," असं तो सांगायचा. ते ऐकत मी वाढलो, पण बंदर बघायला साठी उलटावी लागली.

गेल्या माघात एस्टीनं निघालो. घाटात खिडकीतून डोंगरामागं डोंगर दिसत होते. पाचल, ओणी करत राजापूर आलं. डोंगरांच्या कुशीत जांभ्या दगडाची, कौलारू घरं आणि पुढं खाडी. गाव नजरेत भरलं.

हे बंदर साधं नव्हं. मोठी जहाजं खाडीच्या तोंडाशी जैतापूरला नांगर टाकायची आणि माल होड्यांतून इथवर यायचा. म्हणून तर इंग्रजांनी इथं वखार घातली. १६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा दिला, तेव्हा वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन घाट चढून वर आला आणि आमच्या गडावर गोळे टाकले. व्यापाऱ्यानं तागडी सोडून तोफेला हात घातला. महाराज ते विसरले नाहीत. १६६१ साली राजापुरावर येऊन त्यांनी वखार लुटली, इंग्रजांना कैद केलं. दोन वर्षांनी त्यांची सुटका झाली.

हे सगळं मनात घोळवत मी धक्का हुडकत होतो. पाण्याऐवजी गाळाची बेटं दिसली. कडेला एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना विचारलं, "बाबा, बंदर कुठं हाय?"

ते हसले. "पावणं, त्याच्याकडंच बघताय तुम्ही. डोंगर बोडके झाले, माती खाली आली नि बंदर बुजलं. आता पावसाळ्यात पाणी बाजारात शिरतं."

मी गप झालो. ज्या गावाला तोफा आणि लुटी संपवू शकल्या नाहीत, त्याचं बंदर मातीनं संपवलं. आणि माती कशी जाते, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. ती एका रात्रीत जात नाही. दर पावसात थोडी थोडी जाते, म्हणून कुणी ओरडत नाही.

येताना आज्यासारखंच शेरभर मीठ आणि सुकी मासळी घेतली. घरी पाय टेकल्यावर थोरल्याला म्हटलं, "डोंगराकडची ताल दोन वर्षं फुटलीय. पावसाच्या आधी बांधून घेऊया."