जप्तीचा अधिकार आणि ठेवीदाराची अमानत

1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. पुढे बजाजनगर, रांजणगाव भागात कामगारांच्या वस्त्या वाढल्या. पगारातले चार पैसे पतसंस्थेत जाऊ लागले. व्याज जरा जास्त आणि माणसे ओळखीची, म्हणून विश्वास.

2023 मध्ये आपल्या जिल्ह्यात आदर्श महिला नागरी सहकारी पतसंस्थेतील सुमारे 200 कोटींच्या घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला गेला. ठेवीदार रस्त्यावर उतरले. प्रश्न एकच: आरोपींना अटक झाली, पण आमच्या पैशाचे काय?

या प्रश्नाला कायद्याचा जुना इतिहास आहे. महायुद्धाच्या काळात, 1944 मध्ये, इंग्रज सरकारने एक अध्यादेश काढला. अफरातफरीतून मिळवलेली मालमत्ता खटला संपण्याआधीच जिल्हा न्यायाधीशांकडून जप्त करवून घेण्याची सोय त्यात होती. मात्र ती प्रामुख्याने सरकार आणि स्थानिक संस्थांच्या पैशासाठी! सामान्य ठेवीदाराला असे कवच मिळायला महाराष्ट्रात 1999 उजाडले. त्या वर्षी ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा, म्हणजे एमपीआयडी, झाला.

या कायद्याने पोलिसांच्या जोडीला महसूल खाते आणले. जप्तीचा आदेश शासन काढते. मालमत्ता उपजिल्हाधिकारी किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाते. जप्ती कायम करायची की नाही, हे विशेष न्यायालय ठरवते. ठेवींच्या पैशातून दुसऱ्याच्या नावावर घेतलेली जमीनही सुटत नाही.

2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा कायदा राज्याच्या अधिकाराबाहेरचा ठरवला. 2011 मध्ये तमिळनाडूच्या अशाच कायद्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तो दृष्टिकोन चुकीचा ठरवला, आणि आपला कायदा वाचला.

पण जप्ती म्हणजे वसुली नव्हे. मूल्यांकन, हरकती, लिलाव, मग वाटप. तोवर मुलीचे लग्न आणि म्हाताऱ्याचे औषध थांबत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याच्या टेबलावर महसुलाची इतर कामेही असतात. केवळ अधिकार वाढवून भागणार नाही. हिशेब जाणणारी माणसे आणि ठरलेली मुदत हवी. आणि जप्तीविरुद्ध दाद मागायची वाटही खुली हवी, कारण निर्दोष माणसाचे घरही त्यात सापडू शकते.

'जप्त' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, 'अमानत'ही तिथूनच. सरकारने पहिला शब्द चांगला गिरवला आहे. ठेवीदार दुसऱ्याची वाट पाहतो आहे.